राणीछाप अल्बम: पूर्ण संच घ्यावा की सुटी नाणी?

मुंबईत फोर्टातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानांत 'राज्यकर्त्या स्त्रियांची नाणी' म्हणून एक तयार अल्बम मिळतो. सात खण, जाड पुठ्ठ्याची पेटी, आत मखमली अस्तर आणि सोबत एक छोटी पुस्तिका. भेट म्हणून दिसायला झकास. पण आत पाच अस्सल नाणी आणि दोन नकला एकाच रांगेत बसवल्या आहेत, आणि नकला कोणत्या ते पेटीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलंय. घेणाऱ्याने आधी पेटी उलटी करावी.

खणांचा क्रम सालाप्रमाणेही नाही, दिसण्याप्रमाणे आहे: चकचकीत नाणी वर, काळवंडलेली खाली. त्यामुळे या संचातली खरी गंमत हरवते. प्रत्येक राणीने नाण्यावर आपला हक्क वेगळ्या रीतीने मांडला आहे. कुणी वडिलांच्या नावाचा आधार घेतला, कुणी नवऱ्याच्या, कुणी स्वतःचं नाव घातलं, तर कुणी नाव न घालताच काम साधलं. अल्बम हातात आला की नाणी काढून याच क्रमाने लावावीत.

सुरुवात दिल्लीच्या सुलताना रझियापासून करा. तिचा काळ १२३६ ते १२४०. खणात आहे ती चांदीच्या टंक्याची नक्कल, कारण अस्सल रझिया अत्यंत दुर्मीळ आणि अशा अल्बमच्या किमतीत बसणं अशक्य. तिच्या नाण्यांवर बाप अल्तमशचं नाव येतं आणि 'जलालत-उद्-दीन' असा तिचा स्वतःचा किताबही येतो. दरबारात ती कबा (लांब अंगरखा) आणि टोपी घालून, पडद्याबाहेर बसे, हत्तीवरून उघड फिरे, हे तिच्याच काळातल्या इतिहासकाराने नोंदवलंय. ज्या अमिरांना हे खुपलं त्यांनीच पुढे तिला पाडलं. पुस्तिकेत तिच्या वेशाबद्दल अर्धं पान आहे, नाण्यावरच्या मजकुराबद्दल एक ओळसुद्धा नाही. नक्कल ओतीव आहे, अक्षरांच्या कडा मऊ पडल्यात. नुसतं बघायला चालेल, वाचायला बसलात तर वैताग येईल.

काश्मीरची राणी दिद्दा हा अल्बममधला सगळ्यात चांगला सौदा. काश्मीरची तांब्याची नाणी, पाच-सहा ग्रॅमची, ओबडधोबड, पण अस्सल आणि त्या मानाने स्वस्त. क्षेमगुप्त तिचा नवरा. त्याच्या नाण्यावर त्याच्या नावाआधी 'दि' हे अक्षर येतं, ते दिद्दाचं. लोक त्याला 'दिद्दाक्षेम' म्हणून चिडवत, असं राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या जुन्या संस्कृत इतिहासात आलंय. तो गेल्यावर मुलाच्या आणि मग नातवांच्या नावाने तिने कारभार हाकला आणि सुमारे ९८० पासून १००३ पर्यंत स्वतःच्या नावाने राज्य केलं. तिचं नाणं नीट पाहा: एका बाजूला बसलेली देवी, दुसऱ्या बाजूला उभा राजा. राणीच्या नाण्यावर राजा कसा, असा प्रश्न पडेल. आधीपासून चालत आलेला छाप तिने तसाच ठेवला आणि फक्त नाव बदललं. बाजारात ओळखीचं नाणंच चालतं, हे तिला बरोबर कळलेलं होतं.

घेताना एवढंच बघा की देवीच्या बाजूला शारदा या काश्मीरच्या जुन्या लिपीतली निदान दोन अक्षरं शाबूत आहेत. बहुतेक तुकडे इतके झिजलेले असतात की क्षेमगुप्त आणि दिद्दा यांत फरक करता येत नाही, आणि दुकानदार दोन्ही दिद्दा म्हणूनच विकतो.

नूरजहानचा रुपयाही नक्कलच, पण ही ठोकून बनवलेली असल्यामुळे उठाव छान आलाय. जहांगीरच्या शेवटच्या वर्षांत, १६२४ ते १६२७ या काळात, आग्रा, लाहोर, सुरत, अहमदाबाद, पाटणा अशा टांकसाळींतून दोघांच्या नावाचे रुपये निघाले. त्यावरचा फारसी शेर सांगतो की शाह जहांगीरच्या हुकमाने, नूरजहान पादशाह बेगमच्या नावामुळे सोन्याला शंभर अलंकार चढले. हुकूम नवऱ्याचा, झळाळी तिच्या नावाची. मोगली राज्यात खुतबा (शुक्रवारच्या नमाजात राज्यकर्त्याचं नाव घेऊन वाचायचं प्रवचन) आणि सिक्का या दोन गोष्टींवर बादशाहीचा हक्क ठरे. तिच्या नावाचा सिक्का पडला, खुतबा कधी वाचला गेला नाही. पुस्तिकेत शेराचं भाषांतर आहे आणि ते बरं आहे, पण 'पादशाह बेगम'चं नुसतं 'बेगम' केलंय. सगळं वजन ज्या शब्दात होतं तोच गाळला.

अहिल्याबाईंच्या रुपयाबाबत मात्र अल्बमची माहिती चुकली आहे, आणि मराठी वाचकाला हीच चूक सगळ्यात जास्त टोचेल. खणाखाली छापलंय, 'अहिल्याबाईंच्या नावाचे नाणे'. या रुपयावर त्यांचं नाव नाही. नाव आहे दिल्लीच्या शाह आलमचं, फारसीत, जसं त्या काळी मराठी सरदारांच्या टांकसाळींत सर्रास असे. त्यांची खूण आहे ती शिवलिंग आणि बेलाचं पान. महेश्वरच्या टांकसाळीचा हा छाप. हुकूमनाम्यांवरही त्या स्वतःच्या नावाऐवजी 'श्री शंकर' लिहीत, असं परंपरा सांगते. राज्य शंकराचं, आपण कारभारी, ही भूमिका घेतली की विधवेने गादीवर बसावं की नाही हा वादच बाजूला पडतो. अठ्ठावीस वर्षं, १७६७ ते १७९५, त्यांनी त्याच भूमिकेतून कारभार केला.

हा खण तपासायला जास्त वेळ द्या. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे प्रत्येक रुपयावर मजकुराचा वेगळाच भाग येतो. लिंग आणि बेलाचं पान दोन्ही निम्म्याहून जास्त दिसायला हवीत. वजन अकरा ग्रॅमच्या आसपास. हिजरी साल दिसत असेल तर ते ११८१ ते १२१० मध्ये बसतंय का बघा. ही चिन्हं अहिल्याबाईंच्या मागेही चालू राहिली, तेव्हा साल कापलं गेलेल्या तुकड्याला 'त्यांच्या हयातीतला' म्हणून जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. अल्बमच्या ज्या प्रती पाहण्यात आल्या त्यांतल्या बहुतेकींत साल कापलेलंच होतं.

उरलेले तीन खण व्हिक्टोरियाचे. चांदीचे रुपये दोन, १८४० आणि १८६२, आणि १८७७ नंतरचा तांब्याचा पाव आणा. निवड चांगली आहे, कारण तीन नाण्यांत तीन पायऱ्या दिसतात. पहिल्यावर मुकुट नसलेली तरुण राणी, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. दुसऱ्यावर मुकुट आणि भरजरी पोशाख, मागे कंपनी गायब, फक्त 'इंडिया'. तिसऱ्यावर 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस'. प्रत्यक्षात १८६१च्या डिसेंबरात नवरा गेल्यापासून ती आयुष्यभर काळे कपडे घालत होती. नाण्यावर त्याचा मागमूस नाही.

मुंबईकराला १८६२चा रुपया जास्त आवडेल. पुढे १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ हेच साल छापत राहिले. फोर्टातल्या टांकसाळीने खरं वर्ष ओळखता यावं म्हणून सालाजवळ बारीक ठिपके दिले, कलकत्त्याने दिले नाहीत. ठिपके मोजता येतील असा तुकडा मागून घ्या. दुकानदार बहुधा न कुरकुरता बदलून देतो, कारण त्याला दोन्ही एकाच भावाचे.

आता खोट्याबद्दल, कारण राणीछाप रुपयाएवढी नक्कल दुसऱ्या कुठल्या नाण्याची होत नसेल. लक्ष्मीपूजनात ठेवायला लोक जुना रुपया शोधतात, तेव्हा धनत्रयोदशीच्या आधी बाजारात माल ओतला जातो. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजून ११.५ पर्यंत येतो, चांदी ९१.७ टक्के. नुसत्या वजनावर जाऊ नका, हल्लीच्या नकला वजनाला बरोबर उतरतात. घनता काढा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं धरा. अस्सल रुपयाला काटा १.१३च्या आसपास दाखवतो. जर्मन सिल्व्हरचा तेवढ्याच वजनाचा रुपया १.३४ दाखवेल. नाणं तळाला टेकलं किंवा कडेला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो आणि चांगलं नाणं खोटं ठरतं, तेव्हा दोनदा करा.

मग दहापट भिंगातून कडेचे दाते पाहा. ओतीव नकलेत दात्यांमधून एक सांधा फिरलेला दिसतो आणि राणीच्या गालावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. याहून जास्त फसवतं ते दागिन्यातून काढलेलं नाणं. जुन्या माळांत आणि गळ्यातल्यांत हे रुपये कडी डाखून घालत. कडी काढून घासलेलं नाणं अस्सल चांदीचंच असतं, पण संग्रहाच्या दृष्टीने त्याची किंमत फार पडते. मुकुटाच्या वरची कड बोटाने चाचपून पाहा, तिथे दाते सपाट लागले किंवा रंग वेगळा दिसला तर सोडून द्या. अल्बममध्ये अशी नाणी हमखास घुसवली जातात, कारण मखमलीत कड दिसतच नाही.

त्या मखमलीचा आणि वरच्या प्लास्टिकचा आणखी एक त्रास. पारदर्शक झाकण पीव्हीसीचं आहे. मुंबईच्या दमट हवेत काही महिन्यांत ते चिकट होतं आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. पहिला बळी दिद्दा आणि पाव आणा. नाणी काढून मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या) खिडकीच्या होल्डरमध्ये घाला, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदलत राहा. हिरवा थर धरलाच असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं काही मिनिटं बुडवा आणि टिपून वाळवा. नखांचं पॉलिश काढायचं द्रव नको, त्यात तेल असतं. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. चकाकी येते आणि नाण्याची सगळी किंमत जाते.

दुकानात याच्या शेजारी 'झाशीच्या राणीचं नाणं' आणि 'ताराराणीची शिवराई' असंही पुढे केलं जातं. बलवंतनगर, म्हणजे झाशीच्या टांकसाळीचा रुपया अस्सल असू शकतो, पण त्यावर शाह आलमचं नाव असतं, लक्ष्मीबाईंचं नाही. ताराबाईंनी १७०० नंतर मोगलांशी लढा चालवला तो आपल्या लहानग्या मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या नावाने, शिवराईवरही त्यांचं नाव नाही. शिवराई शिवराईच्या भावात मिळाली तर घ्या.

अल्बमचा एकूण हिशेब असा. दोन चांदीच्या रुपयांत मिळून सुमारे २१.४ ग्रॅम चांदी आहे. त्या दिवसाच्या भावाने ती किंमत काढा, त्यात दिद्दा आणि महेश्वरी रुपयाची सुटी किंमत मिळवा, पाव आण्याचे किरकोळ पैसे धरा. उरलेली रक्कम पेटी, पुस्तिका आणि दोन नकलांची. ती एकूण किमतीच्या पावापेक्षा जास्त भरत असेल तर त्याच गल्लीत पाचही नाणी सुटी घ्या, जास्त चांगल्या स्थितीत मिळतील. शाळेत दाखवायला किंवा कुणाला द्यायला अल्बम ठीक, पाचपैकी तीन तारे.

बिलावर प्रत्येक नाणं वेगळं, साल आणि वजनासह लिहून घ्या आणि 'नक्कल' हा शब्द त्या दोन खणांपुढे यायलाच हवा. परदेशी पाहुण्याला भेट द्यायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर नेता येत नाही आणि विमानतळावर अडवलं जाऊ शकतं. त्यांना नकलाच द्या, आणि बिल पेटीतच ठेवा.