राजदूत ३५० : एक सिलेंडर सोडतोय म्हणून दोन्ही बोअरचे पैसे मोजू नका

सांगलीत एका राजदूत ३५० च्या, म्हणजे दोन सिलेंडरच्या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या, मालकाला गॅरेजवाल्याने सरळ लुबाडलं. आयडलला (थ्रॉटल न देता) डावा सिलेंडर सोडत होता, म्हणजे मधूनच पेटत नव्हता. उजवा सायलेन्सर चटका देणारा, डावा नुसता कोमट. प्लगही न काढता निदान झालं: "पुरातली गाडी आहे मालक, आत गाळ गेलाय, दोन्ही बोअर करावे लागतील." म्हणजे दोन्ही सिलेंडर आतून कातून मोठे करायचे आणि मोठे पिस्टन बसवायचे. २०१९ चा पूर पाहिलेला माणूस यावर पुढे काही विचारत नाही. त्या भीतीवर पैसे काढणं फार वाईट आहे.

बिल पाच आकडी, त्यात ०.५० चे (अर्धा मिमी जादा मापाचे) दोन पिस्टन. आयडल एकदम गोड झालं. मग पेठ नाका ओलांडून गाडी हायवेला लागली आणि डावा पिस्टन सिझ, तापून सिलेंडरमध्येच अडकला.

इंजिन उघडल्यावर सगळं कळलं. डावा कार्ब्युरेटर इंजिनला जोडणारा रबर जॉइंट वाकवला की खालच्या अंगाला नखाएवढी चीर उघडायची. तिथून जादा हवा ओढली जाऊन मिक्स्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ते लपवायला एअर स्क्रू, जो साधारण दीड फेरा बाहेर हवा, पार आत आवळलेला. मिकुनी कार्ब्युरेटरचा हा स्क्रू आत घेतला की मुख्यतः आयडलचं मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) होतं. थ्रॉटल उघडल्यावर पेट्रोल सोडायचं काम नीडल आणि मेन जेटचं, तिथे लीन ते लीनच. उजव्या पिस्टनची काजळी खरवडली तर डोक्यावर ०.५० चा आकडाच नाही. जुनाच स्टँडर्ड पिस्टन, बोअरला हातसुद्धा लावलेला नाही.

खरी तपासणी अशी करतात. आधी दोन्ही प्लग बघा: चॉकलेटी ठीक, पांढरा लीन, कोरडा काळा रिच. प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर खर्च एका प्लगचा. नाही सरकला तर दोन्ही कार्ब्युरेटरचे पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारे बारीक जेट) आपसात बदला. दोष सोबत गेला तर जेटच खराब. जागेवरच राहिला तर फ्लोट लेव्हल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी), रबर, रीड (इंजिनात मिक्स्चर सोडणारी झडप), क्रँक सील (क्रँकच्या टोकाचं हवाबंद सील) किंवा त्या बाजूचं पॉइंट-कॉइल. गार इंजिन नुकतं चालू करून रबरावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा, आयडल बदललं की गळती तिथेच. पेट्रोल मात्र कधीच शिंपडू नका, आग लागेल. बोअरचा विषय कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावल्यावर. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारायच्या. दोन बाजूंत १० टक्क्यांच्या वर फरक नसेल तर एकाच बाजूचं मिसिंग बोअरमुळे नाही.

एवढं करूनही बोअर निघालाच, तर नवे पिस्टन बसवण्याआधी डोक्यावरच्या आकड्यासकट फोटो काढा आणि जुने दोन्ही मागून घ्या. एकच हातात आला तर पैसे देण्याआधी तिथेच हेड उघडायला लावा.