गरोदरपणातल्या पेल्विक व्यायामाचं ॲप: बाळंतपण होऊन गेल्यावरचा अनुभव

आधी राग कशाचा आहे ते सांगते. बाळंतपणानंतरच्या तपासणीत मॅडमनी हलका व्यायाम सुरू करायला हरकत नाही म्हटलं. घरी येऊन ॲप उघडलं, तर 'तुमचा प्लॅन संपला आहे'. भरलेल्या 2,999 रुपयांचा प्लॅन नेमका ड्यू डेटला बंद झालेला. बाळंतपणानंतरचे व्यायाम हवेत तर आणखी 1,799 भरा. विकताना मात्र पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'प्रसूती आणि रिकव्हरी' लिहिलं होतं. कस्टमर केअरकडून दर वेळी तेच छापील उत्तर येतं: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तक्रार अजून चालू आहे, म्हणून ॲपचं नाव इथे लिहीत नाही.

सुरुवातीचे काही महिने मी याला पाचपैकी पाच तारे दिले असते. सूचना स्वच्छ मराठीत आहेत, आणि आपल्याकडे ही साधी गोष्ट नाही. 'श्वास सोडत ओटीपोट अलगद आत घ्या, नितंब आवळू नका' असं शांत आवाजात कोणी सांगितलं की हात-पाय आपोआप ऐकतात. मार्जारासन, भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, बॉलवर बसून कंबर गोल फिरवणं, सगळं नीट दाखवलंय. सोळाव्या आठवड्यानंतर पाठीवर झोपून करायचे व्यायाम त्यांनी काढून टाकले आणि कुशीवरचे दिले, हेही योग्यच. पोट वाढल्यावर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि गरगरतं.

आता मुख्य दोष. कीगलचा, म्हणजे लघवी रोखताना आवळतो ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याच्या व्यायामाचा काउंटर. दहा सेकंद आवळायचं आणि सोडायला फक्त तीन सेकंद! स्क्रीनवर हिरवं वर्तुळ आकसतं, मग मोठं व्हायला लागतं, आणि ते पुरतं फुलायच्या आत फोन थरथरतो: पुन्हा आवळा. सातव्या महिन्यात कंबरदुखीसाठी फिजिओकडे गेले, तिने तपासून सांगितलं की तुमचे स्नायू आवळले जातात छान, पण सुटतच नाहीत. जितका वेळ आवळलं, निदान तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. बाळ बाहेर येताना याच स्नायूंना ताणून वाट द्यायची असते. जबडा सैल सोडा, खांदे खाली सोडा, श्वास घेताना खालचा भाग पसरू द्या, असं तिने हात धरून शिकवलं. फी 600 रुपये. ॲपच्या सगळ्या व्हिडिओंमध्ये मिळून मला या सोडण्यावर दोन वाक्यंही सापडली नाहीत. हजारो बायका रोज तो काउंटर लावून बसतात, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा लिहिते आहे. ॲपवाल्यांना मेल केला, 'फीडबॅक टीमकडे पाठवला' असं उत्तर आलं. नंतरच्या एका अपडेटमध्ये सोडायची वेळ पाच सेकंद झाली. तरी ती अर्धीच आहे.

जाहिरातीतला 'नॉर्मल डिलिव्हरीची तयारी' हा दावाही मला खटकतो. माझी नॉर्मल झाली, टाके पडले, पण त्याचं श्रेय मी ॲपला देणार नाही. बाळाची स्थिती, वजन, ठोके, कितीतरी गोष्टी त्यात असतात आणि सिझर झालेल्या बाईने व्यायामात कसूर केली असं कोणी समजू नये. नॉर्वेत 301 पहिलटकरणींवर झालेल्या अभ्यासात (2004) व्यायाम करणाऱ्या गटात तासाहून जास्त जोर लावावा लागलेल्या बायका कमी होत्या, इतपत आधार आहे. लघवीच्या बाबतीत आधार जास्त पक्का आहे. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (यात अनेक अभ्यास एकत्र तपासले जातात), आधी गळती नसलेल्या बायकांनी गरोदरपणात लवकर हा व्यायाम सुरू केला तर शेवटच्या महिन्यांत गळतीचा धोका सुमारे 62 टक्क्यांनी कमी दिसला. बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांनीही तो कमीच होता. जाहिरातीत खरं तर हे सांगायला हवं होतं. शिंकताना लघवी निसटते हे आपल्याकडे आई मुलीला सांगत नाही, जाऊ जावेला सांगत नाही.

प्रसूतीत मला उपयोग झाला तो फिजिओने शिकवलेल्या सैल सोडण्याचा. दोन कळांच्या मधल्या वेळात सिस्टर 'ढिलं सोडा' म्हणाल्या आणि नेमकं काय सोडायचं ते मला माहीत होतं. शिंक यायच्या आधी क्षणभर आवळून धरायचं, हेही फिजिओनेच शिकवलेलं. बाळाला घेऊन उठताना श्वास रोखायचा नाही, सोडत उठायचं.

माहेरी सांगलीला आईने सुती साडीने पोट बांधलं. कंबरेला आधार वाटतो, पण करकचून बांधलं तर दाब खाली जातो, म्हणून मी ते सैल ठेवायला लावलं. आईला ते पटवायला दोन दिवस गेले. माझ्या पोटाच्या स्नायूंमध्ये मधल्या रेषेत दोन बोटांची फट होती. ती भरून यायला मदत झाली फिजिओने दिलेल्या साध्या व्यायामांची, जास्तीचे 1,799 न भरता.

थोडं मत बदललंय तेही लिहिते. वहिनी तासगावजवळच्या गावात राहते, तिथे असा फिजिओ नाही. तिला मी हेच ॲप घेऊन दिलं, मात्र तीन महिन्यांचा स्वस्त प्लॅन, आणि काउंटर बंद ठेवून फक्त मराठी व्हिडिओ बघायला सांगितलं. आवळणं-सोडणं ती घड्याळाच्या काट्यावर करते. तिच्यासाठी तीन तारे, माझ्यासाठी दोन.

घेणार असाल तर पैसे भरण्याआधी प्लॅन कोणत्या तारखेला संपतो ते बघा आणि बाळंतपणानंतरचा भाग त्यात धरलाय का, ते मेलवर लेखी घ्या. रक्तस्राव, वार खाली असणं किंवा मुदतीआधी कळांचा धोका असेल तर मॅडमना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. आणि बाळंतपणानंतरच्या तपासणीत गळती किंवा खाली जडपणा असेल तर स्वतःहून बोला. मला कोणी विचारलं नव्हतं, मीच विषय काढला, तेव्हा कुठे तपासणी झाली.