फॅटी लिव्हरवर चिनी वनौषधी: माझी तक्रार पाकिटाबद्दल आहे

सोनोग्राफीत 'ग्रेड टू फॅटी लिव्हर' आल्यावर सिंगापूरमध्ये राहणारा माणूस चिनी वैद्याकडे गेला, तर त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. येथे २००० च्या कायद्याने या वैद्यांना नोंदणी सक्तीची आहे, ते नाडी आणि जीभ पाहून नीट चौकशी करतात, आणि घरभर वास पसरवणारा काढा उकळण्याऐवजी गरम पाण्यात ढवळून घ्यायची भुकटी देतात. काडेचिराईत प्यायलेल्यांना तिच्या चवीचे काही वाटणार नाही.

मीही असाच गेलो होतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत माझा एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) ९४ वरून ५८ वर आला, तेव्हा औषध उत्तम असे माझे मत होते. ते आता तितके ठाम नाही, कारण त्याच काळात वैद्यांनीच कंडेन्स्ड मिल्कची कोपी (इथली कॉफी) आणि रात्रीचा भात बंद करायला लावल्यामुळे वजनही सहा किलो उतरले होते. वजन ७ ते १० टक्के घटले, तर यकृतातील चरबी आणि सूज औषधाविनाही कमी होते. मग महिन्याकाठी दीडशे डॉलर मी नेमके कशाचे मोजत होतो?

तरीही किमतीपेक्षा मला पाकीट अधिक खटकले. त्यावर माझे नाव, 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' ही सूचना आणि मिश्रणाचा क्रमांक एवढेच छापलेले असे. आत काय आहे, याचा उल्लेख नाही. साध्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा घटक असतात, आणि हे तर यकृताचे औषध! पुढे एसजीपीटी अचानक १३० वर गेला आणि पॉलिक्लिनिकच्या (इथल्या सरकारी दवाखान्याच्या) डॉक्टरांनी घटक विचारले, तेव्हा मला काहीच सांगता आले नाही. चिनी वैद्यांच्या दवाखान्याच्या काउंटरवर 'मिश्रण वैद्यांचे आहे, यादी मिळत नाही' असे उत्तर मिळाले. बरीच हुज्जत घातल्यावर चिनी लिपीतली चिठ्ठी हातात पडली आणि शेजारच्या आजींनी ती वाचून दाखवली: शानझा, झेशिए, दानशेन, जुएमिंगझी (म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात भाजी होते त्या टाकळ्याचे बी) आणि शेवटी हशोऊवू.

हशोऊवू केस काळे राहावेत म्हणूनही घेतात. मात्र त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि खुद्द चीनच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये त्याबद्दल सावध केले होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने भुकटी थांबवल्यावर माझा एसजीपीटी काही आठवड्यांत ६१ वर उतरला. एवढ्यावरून दोष हशोऊवूचाच होता असे सिद्ध होत नाही, पण यादी पाकिटावरच असती, तर डॉक्टरांनी ते नाव पहिल्याच दिवशी पाहिले असते.

वैद्यांनी नंतर हशोऊवू वगळून नवे मिश्रण देऊ केले, आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. उरलेली पाकिटे परत घेण्यास मात्र दवाखान्याने नकार दिला. ती रक्कम पुढच्या भेटीत वळती करू, असे ते म्हणाले. घटक छापणार का, या प्रश्नाला अजून उत्तर आलेले नाही, म्हणून पुढची भेट मी ठरवलेली नाही.