माईक लागेना म्हणून हेल्पलाइनला फोन केला, ३२,९९८ रुपये गेले

१,४९९ माईकच्या ‘ड्रायव्हर’ सॉफ्टवेअरचे, ६,९९९ ‘सिक्युरिटी’चे आणि खात्यातून परस्पर उडवलेले २४,५००. एकूण ३२,९९८ रुपये. एका यूएसबी माईकपायी!

मी सिडकोत राहते, दहावीच्या मुलांना ऑनलाइन संस्कृत शिकवते. नवा माईक जोडला, त्याचा दिवा लागला, पण लॅपटॉपला तो दिसेचना. सातचा क्लास, मुलं ताटकळलेली. कंपनीचा हेल्पलाइन नंबर शोधला आणि वर दिसला तो लावला. अशा घाईत नंबराची कुंडली कोण काढत बसतं? वरचा नंबर पैसे भरून टाकलेली जाहिरातही असू शकते. खोक्यावरचाच नंबर लावा.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. गोड हिंदी, स्क्रीन शेअरचं ॲप, मग विंडोजची नोंदवही, ‘इव्हेंट व्ह्यूअर’, उघडून लाल खुणांची रांग. “मॅडम, व्हायरस ने यूएसबी ब्लॉक किया है।” तसल्या लाल खुणा धडधाकट विंडोजमध्येही सापडतात.

खटकायला हवं होतं ते वेगळंच, आणि त्यानेच अजून जळफळाट होतो. एवढ्या वेळात त्या मेल्याने एकदाही विचारलं नाही, की केबल कुठली लावलीय, दुसऱ्या पोर्टात घालून बघितलं का. माईक दुरुस्त करणारा माईकबद्दल चकार शब्द काढत नव्हता! मग स्क्रीन काळी झाली, “इन्स्टॉल हो रहा है, हाथ मत लगाना”, आणि ओटीपी आला. ‘कोणालाही सांगू नका’ हे त्या मेसेजच्या शेपटाला. तिथवर वाचायला वेळ कुणाला होता? स्क्रीन काळी झाली की थेट वायफाय बंद करा.

दोष निघाला केबलचा. मी लावलेली पॉवर बँकेची, नुसत्या चार्जिंगची, डेटाच्या तारा नसलेली. म्हणून दिवा लागत होता. भाच्याने दुसरी लावली आणि माईक लगेच दिसला. बहुतेक यूएसबी माईकना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, म्हणजे ते १,४९९ कशाचे?

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तुम्ही तासाभरातच नोंदवा, पैसे पुढे सरकायच्या आत. बँक म्हणते पोलिसांत जा, ठाणं म्हणतं हद्द आमची नाही. अहो, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो! हे सांगितलं तर हवालदार म्हणतो, “मॅडम, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, ओटीपी दिलाच कसा?” म्हणजे शर्विलक, ‘मृच्छकटिका’तला तो चोर, मोकाट, आणि चौकशी माझी. बँकेने तर ‘ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला’ म्हणून चार ओळींत तक्रार मिटवली.

आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज टाकतेय. तिथे फी लागत नाही, एवढं बरं.