गुडघा बदलायचा की नडगीचं हाड सरळ करायचं?

गुडघा आतल्या बाजूने झिजला, पाय बाहेर बाकू लागले, आणि व्यायाम, गोळ्या, वजन कमी करणं हे सगळं करूनही दुखणं हटेना, की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: गुडघा बदलून टाका. सत्तरीत तो बहुधा योग्यच असतो. पंचेचाळीस-पन्नाशीत मात्र होकार देण्याआधी हाय टिबियल ऑस्टिओटॉमीबद्दल, म्हणजे नडगीचं हाड कापून पाय सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, विचारायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

या शस्त्रक्रियेत सांधा तुमचाच राहतो. बाकलेल्या पायात शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या भागावर एकवटतो आणि तिथली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, झिजत जाते. सर्जन गुडघ्याच्या जरा खाली नडगीचं हाड आतल्या बाजूने कापतात, बाहेरची कड अखंड ठेवतात, फट हवी तेवढी उघडतात आणि प्लेट-स्क्रूने हाड पक्कं करतात. पाय सरळ होतो, भार बाहेरच्या निरोगी भागाकडे सरकतो. सांधेरोपणात, म्हणजे गुडघा बदलताना, झिजलेला पृष्ठभागच काढून तिथे धातू आणि प्लास्टिक बसवतात.

बरं होण्याच्या बाबतीत सांधेरोपण सरस. बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या दिवशीच वॉकर घेऊन चालवतात, आणि पुढे वेदनाही जास्त खात्रीने जाते. ऑस्टिओटॉमीनंतर साधारण सहा आठवडे कुबड्या लागतात, हाड जुळायला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. दुखणं बरंच कमी होतं, पण अजिबात राहणार नाही असं कुणी सांगू नये. प्लेट टोचू लागली तर ती काढायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. रोजंदारीवर किंवा शेतीवर घर चालत असेल, तर हे महिने कसे काढायचे ते आधी ठरवा.

मग तरुण वयात हा त्रास का घ्यायचा? 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश अभ्यासानुसार, सत्तरीनंतर गुडघा बदलला तर तो आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सुमारे 5 टक्के, पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती 35 टक्क्यांपर्यंत जाते. दुसऱ्यांदा गुडघा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. ऑस्टिओटॉमीही कायमची नसते, पण रुग्ण नीट निवडलेला असेल तर दहा वर्षांनंतरही दहापैकी सात-आठ जणांना सांधेरोपण लागलेलं नसतं. पुढे लागलंच, तर ते करता येतं. थोडं किचकट होतं एवढंच.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार मोलाची आहे. सांधेरोपणानंतर उकिडवं बसणं, जमिनीवर मांडी घालणं टाळायला सांगतात. स्वतःचा सांधा राखला आणि तो आधीपासून नीट वाकत असला, तर हे पुन्हा जमण्याची आशा जास्त. भात लावणाऱ्या बाईसाठी हा मुद्दा एक्स-रेइतकाच महत्त्वाचा आहे.

पण ऑस्टिओटॉमी सगळ्यांसाठी नाही. गुडघा दोन्ही बाजूंनी झिजलेला, पुरेसा वाकत नसलेला, किंवा संधिवात आमवाताचा (रुमॅटॉइड) असेल तर तिच्या नादी लागू नका. वजन फार असेल तरी निकाल खालावतो. तंबाखू, विडी, मिश्री यांचं व्यसन असेल तर ते आधी सोडा, कारण निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर होतो आणि कधी ते जुळतच नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसत्या गुडघ्याच्या फिल्मवर निर्णय घेऊ नका. उभं राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा एक्स-रे काढायला सांगा. पाय किती अंश बाकला आहे आणि बाक नडगीत आहे की मांडीच्या हाडात, हे त्यावरच मोजतात. बाक मांडीच्या हाडात असेल तर कापायची जागाही बदलते.