मृगबागेची थीम, कांदेबागेची थीम: ऑटोमॅटिक टूलसोबत सात महिने

आधी गेम काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. केळीच्या बागेचा हिशेब सांभाळायचा छोटा मोबाइल गेम आहे, जळगावात बसून एकटाच बनवतोय. गेमचे भाग दोन आहेत. जून-जुलैत लावतात ती मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात ती कांदेबाग. दोन्हींत स्क्रीन त्याच, बटणं तीच, फक्त रूप वेगळं हवं होतं. पहिल्यांदा मी सगळं हाताने रंगवलं. तेवीस स्क्रीन. कांदेबागेसाठी तेच पुन्हा करायची वेळ आली तेव्हा हात टेकले.

इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडो 4. त्यात थीम ही एक वेगळी फाइल असते. रंग, फॉन्ट, अक्षराचा आकार, अंतरं, आयकॉन आणि स्टाइलबॉक्स, म्हणजे बटणाची किंवा पॅनलची पार्श्वभूमी, सगळं तिच्यात राहतं. वरच्या कंट्रोलला, म्हणजे स्क्रीनवरच्या बाहेरच्या चौकटीला, थीम लावली की तिच्या आतली पोरंबाळं, म्हणजे बटणं-पॅनलं, ती घेतात. मी घेतलेलं टूल एआयवालं आहे. साध्या भाषेत सांगायचं, ते थीमची फाइल लिहितं, गेमची स्क्रीन (सीन) उघडून तिच्यातल्या नोडना, म्हणजे बटण-पॅनलसारख्या तुकड्यांना जोडतं. नाव सांगत नाही, कारण यातल्या चुका अर्ध्या त्याच्या आणि अर्ध्या माझ्या.

पहिला महिना वाया गेला. मी म्हणालो, "सगळी बटणं हिरवी कर." त्याने केली. पण थीममध्ये नाही, एकेका बटणावर ओव्हरराइड, म्हणजे त्या बटणापुरती वेगळी सेटिंग, टाकून. दिसायला झकास. महिन्याने थीममधला हिरवा बदलला तर एकही बटण बदलेना, कारण नोडवरचा ओव्हरराइड थीमच्या वरचढ असतो. ते शोधून पुसण्यात एक अख्खा रविवार गेला. टूलला दोष कसा देणार? मी रंग मागितला, त्याने रंग दिला.

त्यानंतर मी कागदावर नावं ठरवली. गोडोत 'टाइप व्हेरिएशन' म्हणून सोय आहे. साध्या बटणावर आधारलेलं आपल्या नावाचं बटण करता येतं, आणि जे सांगितलं नाही ते मूळ बटणाकडून येतं. मी सातच ठेवली. मुख्य बटण, धोक्याचं बटण, भावफलक, मोठा आकडा अशी. टूलला लेखी नियम दिला: नोडवर ओव्हरराइड टाकायचा नाही, नवं नाव मला विचारल्याशिवाय बनवायचं नाही. तिथून टूल खरं कामाला आलं. कांदेबागेची थीम तासाभरात उभी राहिली, कारण नावं तीच आणि बदलली फक्त मूल्यं. एक मात्र सांभाळा. दुसऱ्या थीममध्ये एखादं नाव राहून गेलं तर एरर येत नाही, गुपचूप साधं बटण दिसतं. माझं धोक्याचं बटण, ज्याने सगळी बाग मोडली जाते, ते आठवडाभर बाकीच्यांसारखंच दिसत होतं.

देवनागरीबद्दल. गोडो 3 मध्ये जोडाक्षरं तुटायची, 4 मध्ये हार्फबझ, म्हणजे अक्षरं जुळवून मांडणारी लायब्ररी, आल्यापासून ती नीट जुळतात. मी मुक्ता फॉन्ट घेतला. पण टूल बटणाची उंची इंग्रजी नमुना टाकून ठरवायचं, मग 'पुढे' लिहिलं की वरची मात्रा आणि खालचा उकार दोन्ही कडेला घासायचे. आता नियमात लिहिलंय की नमुना शब्द 'पुढे', 'खर्च' आणि 'गुंतवणूक' हेच घ्यायचे. वरखालची मार्जिन वाढवल्यावर सुटलं.

फोकसची, म्हणजे सध्या निवडलेलं बटण दाखवणाऱ्या खुणेची, गंमतही तशीच. गोडो फोकसचा स्टाइलबॉक्स बाकीच्यांच्या वर काढतं. टूलने तो भरीव रंगाचा केला, त्यामुळे बटण दाबलंय की नाही कळेना. आतला भाग बंद करून फक्त कडा ठेवायची, एवढंच काम होतं, पण सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. आणि मध्ये कॅनव्हासलेयर, म्हणजे वेगळ्या थरावर चित्र काढणारा नोड, आला की वरची थीम खाली पोचत नाही, तिचा वारसा तुटतो. तो तुटलाय हे टूलला दोनदा कळलं नाही, ते थीमच पुन्हा पुन्हा लिहीत बसलं. शेवटी थीम प्रोजेक्ट सेटिंगमध्येच, म्हणजे सगळ्या गेमला एकदम, लावली.

जुन्या आवृत्तीची नावं ते अजूनही मधूनच घुसडतं. गोडो 3 मधलं 'ॲड कलर ओव्हरराइड' 4 मध्ये 'ॲड थीम कलर ओव्हरराइड' झालं, तरी जुनंच लिहितं. चालवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

खरी परीक्षा चोपड्याला मामांच्या बागेत झाली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान 4.5 ला 1 असावा हा वेबवरचा रूढ नियम, आणि टूलने तो आकड्यानिशी पाळून दाखवला होता. मेच्या दुपारी मामांनी फोन हातात घेतला, डोळ्यांवर हात आडवा धरला आणि म्हणाले, "भाच्या, याच्यात तर काहीच दिसत नही." घरी येऊन 7 ला 1 सांगितलं, दोन्ही थीम चहा होईपर्यंत बदलून तयार. ते सातच नावांमुळे झालं.

टूलला इंटरनेट लागतं, गावी गेलं की ते निकामी. पण थीमची फाइल साध्या मजकुराची असते आणि ती माझ्याकडेच राहते. उद्या वर्गणी थांबवली तरी गेम चालेल. महिन्याची वर्गणी मात्र मला एकट्याला जड जाते. दोघा-तिघांनी मिळून घेतलं तरच परवडेल.

सध्या तिसरी थीम चालू आहे, रात्रीची. शेतीची लाइट कधी रात्रीच येते, मामा तेव्हा पाणी द्यायला जातात आणि बांधावर बसून गेम उघडतात. पांढरा स्क्रीन डोळ्यांत जातो म्हणतात. बंद बटण आणि चालू बटण काळ्यावर सारखंच दिसतंय, ते अजून टूललाही जमलेलं नाही आणि मलाही.