अकरा वर्षांचा संगणक, नवा एसएमपीएस आणि सोसायटीची मोटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैअखेर मी घरच्या संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज संगणकाला लागेल अशी करून पुरवणारा डबा, बदलला, त्याला आता नऊ महिने होत आले. वस्तू घरी आल्यावर आठवड्याभरात लिहिलेल्या अभिप्रायाला एसएमपीएसच्या बाबतीत फारसा अर्थ नसतो, कारण पहिल्या आठवड्यात तो बहुधा नीटच चालतो. म्हणून इतके दिवस थांबले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीत त्याच प्रतीचे तीन-चार पर्याय मिळतात आणि मला लिहायचे आहे ते मुख्यतः दोष एसएमपीएसमध्येच आहे हे कसे उमगले त्याविषयी.

संगणक २०१४ च्या दिवाळीत घेतलेला आहे. इंटेलचा कोअर आय५-४४६० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, नंतर बसवलेली एसएसडी, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मी घरून अक्षरजुळणीची कामे करते. माझे जुने लिपी-सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालते आणि ते नव्या यंत्रावर हलवायचे तर सगळ्या जुन्या फायलींचे फॉन्ट नव्याने जुळवावे लागतील, त्यामुळे "टाकून द्या आणि नवा घ्या" हा सल्ला मला परवडणारा नव्हता. त्यातून सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीतली वायरिंगही संगणकापेक्षा बरीच वयस्कर आहे.

गेल्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला संगणक अचानक बंद पडू लागला. निळा पडदा नाही, कसलीही सूचना नाही. पडदा काळा होई, पंखा क्षणभर थांबे आणि यंत्र आपले आपण पुन्हा सुरू होई. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सापडे. या नोंदीला बरेच जण कारण समजतात, पण यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य होता, म्हणजे विंडोजला चूक टिपून ठेवायला सवडच मिळाली नव्हती. रोख वीजपुरवठ्याकडे किंवा थेट हार्डवेअरकडे होता, हे खरे तर तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

घरी आलेल्या दुरुस्तीवाल्याने रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, पुन्हा बसवल्या आणि "ताई, परत झालं तर मदरबोर्डच गेला समजा," असे सांगून पैसे घेतले. त्यानंतर संगणक तेरा दिवस बिनतक्रार चालला. चौदाव्या दिवशी, ऐन मुद्रितशोधनाच्या वेळी, पुन्हा बंद पडला. पुढे प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, तापमान ८२ अंशांवरून ६४ वर आले, त्याचा आनंद सहा दिवस टिकला. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक निघाली नाही. एसएसडीची प्रकृती उत्तम निघाली. बायोसची सीआर२०३२ बॅटरी बदलली, तिचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

अधूनमधून येणाऱ्या दोषाचा खरा त्रास हाच, की कोणताही उपाय केला तरी पुढचा झटका येईपर्यंत तो लागू पडल्यासारखा वाटतो. म्हणून मी एक दोनशे पानी वही केली आणि तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होते, असे तीन रकाने आखले. ४ मार्च ते ११ जुलै या १२९ दिवसांत २३ वेळा संगणक बंद पडला, म्हणजे सरासरी साडेपाच दिवसांनी एकदा. हे झटके निव्वळ योगायोगाने येत आहेत असे धरले, तर मधे तेरा दिवसांची शांतता काहीही न करता शंभरात दहा वेळा मिळू शकते आणि सतरा दिवसांची शंभरात पाच वेळा. खोडरबराची कीर्ती एवढीच होती.

वेळेचा रकाना मात्र बोलका निघाला. तेवीसपैकी सोळा नोंदी सकाळी पावणेसात ते सव्वासात किंवा संध्याकाळी पाच ते साडेपाच या दोन अर्ध्या तासांतल्या होत्या. मला वाटले, सकाळी यंत्र थंड असते आणि संध्याकाळी तापलेले, आणि त्या विचारात आठवडा वाया गेला. मग एका रविवारी संध्याकाळी खिडकीखालून मोटरची घरघर सुरू झाली, डोक्यावरची ट्यूब लुकलुकली आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. वॉचमन काका वरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर लावतात त्याच या दोन वेळा. वही पुन्हा उघडून पाहिली. ज्या गुरुवारी महापालिकेचे पाणी बंद असते आणि काका मोटरला हात लावत नाहीत, अशा एकाही दिवशी नोंद नव्हती.

मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते आणि जुन्या वायरिंगवर व्होल्टेज क्षणभर खाली जाते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. सुस्थितीतल्या एसएमपीएसने पुरवठा तुटल्यावरही साधारण १६ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा तेवढा वेळ निभावून नेते. उष्णतेने हा कपॅसिटर वर्षानुवर्षे वाळत जातो, त्याची क्षमता घटते, आणि व्होल्टेजची जी घसरण पूर्वी त्याला जाणवतही नव्हती तिनेच 'पॉवर गुड' हा, पुरवठा ठीक असल्याचे मदरबोर्डला सांगणारा, संकेत तुटतो. तो तुटला की मदरबोर्ड लगेच रीसेट होतो. मदरबोर्ड बिचारा नियमाप्रमाणेच वागत होता.

तापकीर गल्लीतून आणलेल्या मल्टिमीटरने १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरवर ११.८ व्होल्ट दाखवले. मर्यादा ११.४ ते १२.६ अशी आहे, म्हणून मी एसएमपीएसला निर्दोष ठरवून मोकळी झाले होते. ती घाई होती. साधा मल्टिमीटर सावकाश सरासरी दाखवतो, काही मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसत नाही. मागच्या जाळीतून विजेरी मारून पाहिल्यावर एका कपॅसिटरचे डोके पुरीसारखे फुगलेले दिसले. पाहणे जाळीबाहेरूनच करावे. प्लग काढल्यावरही आत सुमारे सव्वातीनशे व्होल्टचा भार काही काळ राहू शकतो, तेव्हा डबा उघडण्याचे धाडस घरी कोणी करू नये.

एवढ्यावरही लगेच खरेदी केली नाही. भाच्याकडून त्याच्या वापरात नसलेल्या संगणकाचा चांगला एसएमपीएस उसना आणला आणि बाकी कशालाही हात न लावता अठरा दिवस काम केले. काका रोज दोनदा मोटर लावत होते. एकदाही झटका आला नाही, तेव्हा पेठेतल्या दुकानातून तीन हजारांच्या आत ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या प्रतीचा नवा एसएमपीएस आणला. जुन्यावरही ४५० वॉटच लिहिले होते, परंतु लेबलवरच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टला १८ अँपिअर, म्हणजे जेमतेम २१६ वॉट होते. नव्यावर तिथे ३६ अँपिअर आहेत. माझ्या यंत्राला दीडशे वॉटही लागत नाहीत, त्यामुळे जुना कमी शक्तीचा म्हणून हरला नाही, वयाने हरला. तरीही दुकानात मोठ्या अक्षरांतल्या आकड्याऐवजी हा तक्ता आधी वाचावा.

नऊ महिन्यांत मोटरच्या वेळी संगणक एकदाही बंद पडलेला नाही. सुरुवातीचे काही दिवस मी पाच वाजता मुद्दाम समोर बसून राहत असे; ट्यूब लुकलुके, पडद्यावरचा मजकूर हलतही नसे. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवाळी अंकांची कामे चौदा-चौदा तास चालली, तेव्हाही तक्रार नव्हती. डिसेंबरात मात्र यंत्र दोनदा गोठले आणि पोटात गोळा आला. पण तो प्रकार वेगळा होता: पडदा काळा न होता चित्र तसेच राहिले, माउस हलेना, पंखा चालूच. एसएसडीला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल झाली होती, ती बदलल्यावर पुन्हा तसे घडलेले नाही. बंद पडणे आणि गोठणे हे मी पूर्वी एकाच रकान्यात लिहिले असते.

उणिवाही आहेत. केबली सुट्या होत नाहीत, त्यामुळे माझ्या लहान कॅबिनेटमध्ये नको असलेल्या तीन केबलींचा जुडगा हार्ड डिस्कच्या खणात कोंबावा लागला. प्रोसेसरची केबल जेमतेम पोहोचते. स्लीपमध्ये ठेवल्यावर रात्रीच्या शांततेत बारीक शीळ ऐकू येते. मी आता यंत्र पूर्ण बंद करते.

नव्या एसएमपीएसऐवजी यूपीएस का घेतला नाही, असे भाच्यानेच विचारले. साध्या यूपीएसलाही बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढेही न पेलणाऱ्या एसएमपीएसला त्याचा भरवसा नव्हता. आता वीज जाण्याच्या भीतीने यूपीएस घेणार आहे, पण ते काम वेगळे. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, म्हणून हे यंत्र मी इंटरनेटपासून तोडून फक्त अक्षरजुळणीला ठेवले आहे. एसएमपीएस मात्र पुढच्या यंत्रातही बसेल. हमी तीन वर्षांची आहे, आणि दुकानाची पावती अक्षरे उडून जाणाऱ्या कागदावर असल्याने तिची झेरॉक्स काढून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.